पेढीची तिजोरी आणि बिटकॉइन

दिवाळीत वहीपूजन आटोपले की व्यापारी घरांत जी बैठक जमते, तिच्यातील विषय पिढीगणिक बदलत आले आहेत. एके काळी सोन्या-चांदीचा भाव, कापसाचे पीक आणि जमिनीचे व्यवहार यांवर बोलणे होई. पुढे शेअर बाजार आला, म्युच्युअल फंड आले. अलीकडे या बैठकीत बिटकॉइनचे नाव हमखास निघते. सी.ए. किंवा एम.बी.ए. होऊन पेढीवर बसू लागलेला मुलगा वडिलांना विचारतो, ‘‘पप्पा, एवढी रक्कम मुदत ठेवीत सहा-सात टक्क्यांवर पडून आहे. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या बिटकॉइन घेताहेत. आपणही थोडे का घेऊ नये?’’ वडिलांचे उत्तर बहुधा एकाच शब्दाचे असते, ‘‘सट्टा!’’ मुलाला ते पटत नाही आणि वडिलांना ते उलगडून सांगता येत नाही. विषय तिथेच थांबतो.

वास्तविक हा विषय एका शब्दात निकालात काढण्याजोगा नाही. ज्यांच्याकडे पूर्वजांच्या आणि स्वतःच्या कष्टाने संपत्ती जमली आहे, पण जे या बाजारात पंधरा वर्षे उशिरा येत आहेत, त्यांच्यापुढे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. कुटुंबाने आपल्या खासगी बचतीतून बिटकॉइन घ्यावे काय, हा पहिला. आणि कंपनीने किंवा पेढीने आपल्या निधीतून घ्यावे काय, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे सारखी नाहीत, आणि ती सारखी मानल्यामुळेच पुष्कळ घोटाळा होतो.

वस्तू काय आहे?

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक नऊ पानी निबंध इंटरनेटवर प्रसिद्ध झाला. ही व्यक्ती कोण, हे अद्याप निश्चित ठरलेले नाही. ३ जानेवारी २००९ रोजी त्या निबंधातील कल्पना प्रत्यक्षात उतरली. व्यापाऱ्याला ती समजायला अवघड नाही. एक रोकडवही आहे, जिची प्रत जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली आहे. कोणाकडून कोणाला किती गेले, याची नोंद सर्व प्रतींत एकदमच होते. एका मुनिमाने पान फाडले किंवा आकडा खोडला, तर बाकीच्या प्रतींशी ते जुळत नाही आणि त्याची चोरी उघडी पडते. ही वही लिहिण्याचे काम करणाऱ्या संगणकधारकांना मोबदला म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. हा मोबदला दर चार वर्षांच्या सुमारास निम्मा होतो. आरंभी तो प्रत्येक पानामागे ५० होता, एप्रिल २०२४ पासून तो ३.१२५ आहे. एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, असा नियम आहे.

ही मर्यादा हेच बिटकॉइनच्या बाजूचे सर्वांत भक्कम म्हणणे. सरकारे नोटा छापू शकतात, बिटकॉइन कोणालाही छापता येत नाही. कागदी चलनाचे मोल घसरत असताना ज्याचा पुरवठा बांधलेला आहे अशी एखादी वस्तू जवळ असावी, हा विचार सोने बाळगणाऱ्या समाजाला परका वाटू नये.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट आहे. बिटकॉइनला भाडे येत नाही, व्याज येत नाही, लाभांश येत नाही. त्यामागे कारखाना नाही, शेत नाही, सरकारचे वचन नाही. सोन्याचा दागिना होतो, उद्योगात उपयोग होतो आणि हजारो वर्षांची मागणी त्याच्या पाठीशी आहे. बिटकॉइनची किंमत मात्र उद्याचा खरेदीदार काय देईल, एवढ्यावरच उभी आहे. वॉरेन बफे यांनी २०२२ च्या वार्षिक सभेत, जगातले सगळे बिटकॉइन २५ डॉलरला देऊ केले तरी आपण घेणार नाही, अशा आशयाचे मत मांडले होते, ते याच कारणाने. याउलट ब्लॅकरॉक या जगातील सर्वांत मोठ्या गुंतवणूक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी एकूण गुंतवणुकीच्या २ टक्क्यांपर्यंत घ्यावे, असे सुचवले. ही संस्था स्वतः बिटकॉइनचा फंड विकते, हे लक्षात घ्यायला हवे. आणि तरीही तिने २० टक्के म्हटले नाही, हेही.

आधी आलेला आणि उशिरा आलेला

२२ मे २०१० रोजी अमेरिकेतील एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन मोजले. एप्रिल २०१३ मध्ये एका बिटकॉइनचा भाव प्रथमच १०० डॉलरवर गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो १ लाख डॉलरच्या पलीकडे पोहोचला. म्हणजे बारा वर्षांच्या आत हजारपट. हे आकडे ऐकून कोणाचेही मन चळेल. परंतु ज्याने तेव्हा १० हजार रुपये लावले, त्याच्या पणाला लागले होते १० हजार रुपये. ते बुडाले असते, तरी त्याच्या घरात चूल पेटायची राहिली नसती. आज १ कोटी लावणारा मनुष्य त्या पहिल्या माणसाच्या नफ्याकडे पाहून १ कोटी पणाला लावत असतो. मिळण्याची शक्यता तेवढी राहिलेली नाही, गमावण्याची रक्कम मात्र हजारपट वाढली आहे.

शक्यता का उरलेली नाही, हे साध्या गुणाकाराने कळते. आतापर्यंत निघालेले बिटकॉइन २ कोटींच्या घरात आहेत. १ लाख डॉलर भावाने त्यांचे एकूण मूल्य २ लाख कोटी डॉलरच्या आसपास होते. येथून पुन्हा हजारपट व्हायचे, तर ते २,००० लाख कोटी डॉलर व्हायला हवे. संपूर्ण जगाचे वर्षभराचे उत्पन्न ११० लाख कोटी डॉलरच्या जवळपास आहे. सारांश, जी वाढ झाली ती त्याच प्रमाणात पुन्हा होणे गणिताच्या आवाक्यात नाही. दुप्पट, तिप्पट होणे अशक्य नाही. पण उशिरा येणाऱ्याने हिशेब त्याच मापाने करायला हवा.

आता घसरणीची बाजू. डिसेंबर २०१७ मध्ये २० हजार डॉलरला टेकलेला भाव वर्षभरात ३,२०० च्या आसपास आला, म्हणजे ८४ टक्क्यांची घट. ती जागा भरून निघायला तीन वर्षे लागली. नोव्हेंबर २०२१ मधील ६९ हजारांचा भाव वर्षभराने १६ हजारांच्या खाली होता, म्हणजे सुमारे ७७ टक्क्यांची घट. ती भरून यायला सव्वादोन वर्षांहून अधिक काळ गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भाव सव्वा लाखाच्या पुढे गेला आणि नोव्हेंबर सरण्यापूर्वीच नव्वद हजारांच्या खाली उतरला. ७५ टक्के घसरलेली रक्कम मूळ पदाला येण्यासाठी चौपट व्हावी लागते, हे टक्केवारीच्या भाषेत चटकन ध्यानात येत नाही.

समजा, एका कुटुंबाची घर वगळता २० कोटींची मालमत्ता आहे. त्यातील १ टक्का, म्हणजे २० लाख बिटकॉइनमध्ये ठेवले आणि ते सर्व बुडाले, तर कुटुंबाच्या राहणीत काही फरक पडणार नाही. तिप्पट झाले तरीही फारसा फरक पडणार नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे. ती चलनाच्या घसरणीविरुद्धची एक लहानशी विम्याची रक्कम आहे, एवढेच तिचे स्वरूप. त्याच कुटुंबाने २० टक्के, म्हणजे ४ कोटी लावले आणि पूर्वी झाली तशी ७५ टक्के घसरण झाली, तर ३ कोटी कागदावरून नाहीसे होतात. त्या धक्क्याने रात्रीची झोप जाते, भावाभावांत बोलाचाली होते आणि नेमक्या तळाच्या भावाला विकून मोकळे होण्याची बुद्धी होते. उशिरा येणाऱ्या श्रीमंताचे नुकसान बहुधा असे होते: वस्तू वाईट निघाल्यामुळे होण्याऐवजी रक्कम न पेलल्यामुळे.

कंपनीच्या पैशाचा धनी कोण?

कंपन्यांनी बिटकॉइन घेण्याची चर्चा निघाली की पहिले नाव येते ते अमेरिकेतील मायक्रोस्ट्रॅटेजीचे. मायकेल सेलर यांच्या या सॉफ्टवेअर कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये आपल्या शिलकीतून २५ कोटी डॉलरचे बिटकॉइन घेतले. त्यानंतर तिने कर्जरोखे काढून आणि नवे शेअर विकून खरेदी चालूच ठेवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने आपले नाव ‘स्ट्रॅटेजी’ असे केले आणि पुढे तिच्याकडील साठा सहा लाखांच्या पलीकडे गेला. तिचा शेअर या काळात कितीतरी पटींनी वाढला, हे खरे आहे. परंतु ती आता नावापुरतीच सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिचे भागधारक जाणूनबुजून बिटकॉइनच्या भावावर पैसे लावतात. २०२२ साली बिटकॉइन कोसळला, तेव्हा या शेअरने वर्षभरात आपल्या मोलाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग गमावला. हीच कंपनी २० मार्च २००० रोजी, जुने हिशेब दुरुस्त करावे लागत असल्याचे जाहीर करून एका दिवसात ६० टक्क्यांहून अधिक घसरली होती, हेही तिच्या धाडसाचे कौतुक करताना विसरू नये.

पेढीवाल्याला अधिक शिकवणारे उदाहरण टेस्लाचे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने १५० कोटी डॉलरचे बिटकॉइन घेतल्याचे जाहीर केले. पुढल्याच वर्षी, एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत तिने त्यांतील सुमारे ७५ टक्के विकून ९३.६ कोटी डॉलर मोकळे केले. त्यानंतर अडीच वर्षांत भाव तिप्पट झाला. मग टेस्लाने तेव्हा का विकले? चीनमधील टाळेबंदी किती काळ चालेल याचा अंदाज नव्हता आणि हाती रोकड असणे आवश्यक होते, असे कंपनीने सांगितले. जगातील सर्वांत धनवान मनुष्य जिच्या प्रमुखपदी आहे, त्या कंपनीलाही रोकडीची गरज आणि पडता भाव हे दोन्ही एकाच वेळी गाठून आले.

हा योगायोग मानता येणार नाही. भारतात टाळेबंदी लागली ती २५ मार्च २०२०. दुकाने बंद, माल गोदामात, उधारी अडकलेली आणि कामगारांचे पगार मात्र चालू, हे दिवस कोणताही व्यापारी विसरलेला नाही. त्याच्या दोन आठवडे आधी, १२ मार्च रोजी, बिटकॉइन एका दिवसात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घसरला होता. जगभर सगळ्यांनाच रोकड हवी होती, म्हणून ज्याचा खरेदीदार मिळेल ते सर्वजण विकत होते. संकटाच्या दिवसासाठी राखलेला निधी संकटाच्याच दिवशी अर्ध्यावर यावा, तर तो राखीव निधी म्हणता येईल काय?

मायक्रोसॉफ्टच्या भागधारकांपुढे डिसेंबर २०२४ मध्ये, कंपनीने बिटकॉइनचा विचार करावा असा ठराव आला होता. कंपनीच्या निधीला स्थिर आणि अंदाज बांधता येईल अशी गुंतवणूक लागते, अशी भूमिका घेऊन संचालक मंडळाने त्याला विरोध केला आणि भागधारकांनी तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला. मायक्रोसॉफ्टची शिल्लक पाहता तिला हे नुकसान सहज परवडले असते. ज्या पेढीचे खेळते भांडवल तीन महिन्यांच्या फेऱ्यावर चालते, तिला ते परवडण्याचा प्रश्नच येत नाही.

व्यापारी पेढीच्या ताळेबंदात दिसणारी शिल्लक ही बहुतांशी दुसऱ्यांची असते. माल उधार देणाऱ्याचे देणे, जी.एस.टी., कामगारांचे पगार, ग्राहकांनी दिलेली आगाऊ रक्कम, नातेवाइकांच्या ठेवी आणि बँकेची कॅश क्रेडिट, या सर्वांचा हक्क मालकाच्या नफ्याआधी लागतो. कॅश क्रेडिटची मर्यादा बँक देते ती माल आणि येणे यांच्या तारणावर. दरमहा स्टॉक स्टेटमेंट मागवून किती उचल करता येईल, हे ती ठरवते. बिटकॉइन हा माल नाही आणि येणेही नाही. त्या खात्यातून रक्कम काढून बिटकॉइन घेणे म्हणजे मंजुरीच्या अटींचा भंग होय. बँकेच्या भाषेत त्याला निधी अन्यत्र वळवणे म्हणतात आणि त्याची नोंद एकदा झाली की ती सहजी पुसली जात नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून प्रत्येक कंपनीला आपल्याजवळील आभासी चलन, त्याची रक्कम आणि त्यातील नफा-तोटा हिशेबपत्रकात स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. मर्यादा वाढवून मागताना बँकेच्या अधिकाऱ्यापुढे ते पान उघडते. आजोबांनी चाळीस वर्षांत कमावलेली पत त्या एका ओळीने डागाळू शकते.

कर आणि कायदा

रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. तेव्हापासून बिटकॉइन घेणे-विकणे गुन्हा नाही, परंतु ते भारतात वैध चलनही नाही. मार्च २०२३ पासून या क्षेत्रातील एक्स्चेंजना काळा पैसा प्रतिबंधक कायदा लागू झाला आहे. मात्र शेअर बाजारावर जशी सेबीची देखरेख असते, तशी गुंतवणूकदाराचे रक्षण करणारी यंत्रणा येथे नाही.

करआकारणी १ एप्रिल २०२२ पासून स्पष्ट आहे आणि ती कडक आहे. नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, वर अधिभार आणि उपकर. खरेदीच्या किमतीखेरीज कोणत्याही खर्चाची वजावट नाही. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या व्यवहाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढील वर्षी नेताही येत नाही. एक उदाहरण घ्यावे. वर्षभरात एका व्यवहारात ५ लाख नफा झाला, दुसऱ्यात ४ लाख तोटा. खरी कमाई १ लाख. कर मात्र ५ लाखांवर लागतो: दीड लाख आणि ४ टक्के उपकराचे ६ हजार, एकूण १ लाख ५६ हजार. एक लाख कमावलेला मनुष्य ५६ हजारांनी खाली येतो. विक्रीच्या वेळी १ टक्का टी.डी.एस. कापला जातो, तो परतावा भरताना जुळवून घेता येतो, पण तोवर रक्कम अडकते. बाकीच्या उत्पन्नावर २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराने कर भरणाऱ्या कंपनीलाही या नफ्यावर ३० टक्केच लागतात.

उसन्या पैशाने घेणाऱ्याची स्थिती याहून बिकट आहे. १० टक्के व्याजाने ५० लाख उचलले आणि भाव मूळ पदाला यायला पूर्वीप्रमाणे तीन वर्षे लागली, तर साधे व्याजच १५ लाख होते. पुढे नफा झालाच, तर त्यातून हे १५ लाख वजा करता येत नाहीत. तारण ठेवून किंवा वायद्यात घेतले असेल, तर तीन वर्षे थांबायलाही मिळत नाही. घसरणीच्या दिवशीच सौदा बळजबरीने कापला जातो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या सात व्यसनांत द्यूताचे नाव पहिले आहे. खरेदी आणि द्यूत यांच्यातील रेषा नेमकी कुठे आहे, असा प्रश्न कोणाला पडला, तर ती या ठिकाणी आहे.

किल्ली कोणाकडे?

मुदत ठेवीची पावती हरवली तरी ठेव बुडत नाही. बँकेकडे नोंद असते, वारसाचे नाव असते. बिटकॉइन ज्याच्याकडे गुप्त किल्ली, म्हणजे बारा किंवा चोवीस शब्दांची मालिका आहे, त्याचा. ब्रिटनमधील वेल्स प्रांतातील न्यूपोर्ट शहरात २०१३ साली एका गृहस्थाची संगणकाची हार्ड डिस्क चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो उकरण्याची परवानगी मिळवण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली; जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

किल्ली स्वतःजवळ नको म्हणून एक्स्चेंजवर ठेवावे, तर तेथील धोका वेगळा. कॅनडातील क्वाड्रिगा या एक्स्चेंजच्या तरुण संस्थापकाचे डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपुरात निधन झाले. किल्ल्या फक्त त्याच्याकडेच होत्या, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे तेथील नियामकांच्या चौकशीत निघाले की ग्राहकांच्या पैशातून त्याने स्वतःच सौदे करून मोठी रक्कम घालवली होती. सुमारे ७६ हजार ग्राहकांचे पैसे अडकले. अमेरिकेशी जवळचा संबंध असलेली एफ.टी.एक्स. ही बडी संस्था नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोर झाली आणि तिच्या प्रमुखाला २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. भारतात वझीरएक्स या एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये २३ कोटी डॉलरहून अधिक मोलाची चोरी झाली आणि ग्राहकांची खाती कित्येक महिने गोठली.

महाराष्ट्रातील अनुभव तर याहून कडू आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत दरमहा १० टक्क्यांप्रमाणे अठरा महिने परतावा देण्याचे आमिष दाखवण्यात आले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या सूत्रधाराला अटक केली, तोवर हजारो कुटुंबे पोळली होती. येथे दोष बिटकॉइनचा नव्हता. साखळी योजनांचे जुनेच दुकान नव्या पाटीखाली मांडले गेले होते. ज्या वस्तूला मुळात व्याजच नाही, तिच्यावर दरमहा १० टक्के कोण आणि कोठून देणार, एवढा एक प्रश्न त्या वेळी विचारला गेला असता, तर पुष्कळांचे पैसे वाचले असते.

१८६५ ची मुंबई

व्यापारी समाजाला हा अनुभव नवा नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मुंबईच्या कापसावाचून गती उरली नाही. मुंबईत पैशाचा पूर आला. कापसात कमावलेला पैसा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांत वाहू लागला. या सर्वांच्या केंद्रस्थानी होते सुरतेत जन्मलेले जैन व्यापारी प्रेमचंद रायचंद. कापसात आधी आलेल्यांनी आपल्या पैशाने खरा माल विकून कमावले होते. मागाहून आलेल्यांनी बँक ऑफ बॉम्बेकडून शेअरांच्या तारणावर कर्जे काढली. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैच्या वायद्याला देणी देण्यास कोणाकडेच रोकड नव्हती. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. खुद्द प्रेमचंदांनाही सर्वस्व गमवावे लागले आणि बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

बिटकॉइन आणि बॅकबेचे शेअर एकच, असे म्हणणे योग्य होणार नाही. ते शेअर कायमचे गेले. बिटकॉइन २०२२ पर्यंतच्या प्रत्येक मोठ्या घसरणीनंतर पुन्हा वर आला. पण तो वर येईपर्यंत थांबण्याची ऐपत ज्यांच्याकडे होती, त्यांनाच त्याचा लाभ झाला. १८६५ मध्ये काय किंवा २०२२ मध्ये काय, बुडाले ते बहुतांशी दुसऱ्याचा पैसा घेऊन आलेले. प्रेमचंदांनी ऐन तेजीत मुंबई विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्या तेजीत कमावलेले बरेच काही वाहून गेले. देऊन टाकलेले तेवढे आजही उभे आहे.

निर्णयाची सूत्रे

एवढ्या विवेचनातून व्यापारी कुटुंबाला उपयोगी पडतील अशी काही सूत्रे निघतात.

१. पेढीच्या, फर्मच्या किंवा कंपनीच्या खात्यातून बिटकॉइन घेऊ नये. घ्यायचेच असेल, तर कर भरून घरात आलेल्या वैयक्तिक बचतीतून घ्यावे.

२. कर्ज, कॅश क्रेडिट, तारण किंवा वायदा यांपैकी कशाच्याही आधाराने घेऊ नये.

३. खरेदीपूर्वीच मर्यादा लिहून ठेवावी. १ टक्का, फार तर २ टक्के. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतातही मर्यादा आधी ठरते आणि व्यवहार नंतर होतो. भाव चढू लागल्यावर ठरवलेली मर्यादा कधीच पाळली जात नाही. वाढून ती रक्कम मर्यादेबाहेर गेली, तर जास्तीचा भाग विकून टाकावा.

४. ठरलेली रक्कमही एकदम न लावता एक-दोन वर्षांत थोडी थोडी लावावी. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा यात असू नये.

५. व्यवहार फक्त नोंदणीकृत भारतीय एक्स्चेंजमार्फत, स्वतःच्या पॅनवर आणि बँक खात्यातून करावा. प्राप्तिकर विवरणपत्रात प्रत्येक विक्री दाखवावी. निश्चित परताव्याचे आश्वासन देणाऱ्यापासून, तो नात्यातला असला तरी, दूर राहावे.

६. किल्ली कोठे आहे, हे घरातील आणखी एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावे आणि मृत्युपत्रात तिचा उल्लेख असावा.

७. ज्या घरात अहिंसेचा विचार उपजीविकेपर्यंत केला जातो, तेथे विजेचाही हिशेब करावा. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार हे जाळे चालवण्यास वर्षाकाठी १० हजार कोटी युनिटांहून अधिक वीज लागते आणि तिचा काही भाग अजूनही कोळशातून व नैसर्गिक वायूतून येतो. एवढ्या कारणावरूनही कोणी हा मार्ग नाकारला, तर तो निर्णय अडाणीपणाचा ठरत नाही.

ज्याने यातले काहीच घेतले नाही, त्याने काही गमावले असे समजण्याचे कारण नाही. चालता धंदा, वेळेवर फिटणारी देणी आणि कर्जमुक्त घर यांचे मोल कोणत्याही पडद्यावर रोज झळकत नाही, एवढेच. पुढच्या वहीपूजनाला मुलाने हाच प्रश्न पुन्हा काढला, तर वडिलांनी ‘सट्टा’ म्हणून तो उडवून लावू नये. वर्षभराची येणी-देणी त्याच्यापुढे ठेवावीत आणि विचारावे, ‘‘येत्या वर्षी तीन महिने एकही उधारी वसूल झाली नाही आणि त्याच वेळी हा भाव चौथाईवर आला, तर कामगारांचे पगार आणि बँकेचे व्याज तू कशातून देशील?’’ त्या प्रश्नाचे उत्तर बिटकॉइनला हात न लावता देता आले, तर घरच्या बचतीतला छोटासा हिस्सा त्याच्या नावे करून द्यायला हरकत नाही. उत्तर देता आले नाही, तर त्या वर्षी पैसा मुदत ठेवीतच राहू द्यावा.